जुन्या भांड्यांकडे नाक मुरडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी अॅडमिशनचा सीझन आला की पेपरात परदेशी जाणाऱ्या मुलांनी बॅगेत काय काय भरावं याच्या याद्या येतात. कागदपत्रं, औषधं, गरम कपडे सगळं असतं त्यात, पण तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी स्वयंपाक कशात करायचा यावर कोणी धड लिहीत नाही. फार तर "भांडी तिकडे स्वस्त मिळतात, नेऊ नका" एवढं एक वाक्य असतं. या एका वाक्यामुळे मी पहिल्या दोन वर्षांत जेवढे पैसे वाया घालवले तेवढे आजच्या मुलांचे जाऊ नयेत म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबलंय, जमलं तर सगळं छापा.

अकरा वर्षं झाली मला देशाबाहेर राहून. दोन देश आणि पाच भाड्याची घरं झाली. पाचही वेळा स्वयंपाकघर जवळजवळ शून्यातून उभं केलंय, त्यामुळे आता खात्रीने सांगते, घराबाहेर पहिला संसार मांडताना नवा स्वस्त सेट घेऊ नका. कोणीतरी वापरलेली, जड, चांगल्या धातूची दोनतीन भांडी शोधा. जुनं आहे म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका, पण जुन्यातलं काय घ्यायचं नाही हे मात्र आधी शिकून घ्या, कारण तिथे चूक झाली तर प्रकरण नुसत्या पैशावर थांबत नाही.

मी पहिल्यांदा काय केलं ते सांगते. पोचल्यापोचल्या एक पाच भांड्यांचा नॉनस्टिक सेट उचलला. दिसायला एकदम छान, काळं कोटिंग, काचेची झाकणं, आणि वजन इतकं हलकं की मला तेव्हा ती चांगलीच गोष्ट वाटली. तिसऱ्या महिन्यात फ्रायपॅनचं बूड मधे फुगलं. तेल टाकलं की सगळं कडेला पळायचं आणि मधला भाग कोरडा पडून करपायचा. सहाव्या महिन्यात कोटिंगचे बारीक काळे पापुद्रे जेवणात यायला लागले, दांड्याचे स्क्रू दर आठवड्याला आवळायचे, एका पातेल्याचा कान तर हातातच आला. मग तसाच दुसरा सेट घेतला, वर्षभराने तिसरा. तीन स्वस्त सेट मिळून जेवढे झाले तेवढ्यात आयुष्यभर टिकेल असं एक भांडं आलं असतं, आणि जुनं घेतलं असतं तर अख्खं स्वयंपाकघर.

असं का होतं हे मला नंतर कळलं आणि ते कळल्यावर भांडं बघायची नजरच बदलली. स्टेनलेस स्टील हा उष्णतेच्या बाबतीत अगदी मंद धातू आहे, तांबं त्याच्या साधारण पंचवीसपट जास्त उष्णता वाहून नेतं आणि अॅल्युमिनियम पंधरापट. त्यामुळे नुसत्या पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्योत जिथे लागते तेवढाच गोल तापतो आणि तिथेच सगळं खाली लागतं. म्हणून चांगल्या स्टीलच्या भांड्याच्या बुडात अॅल्युमिनियमची किंवा तांब्याची जाड चकती बसवलेली असते, किंवा मग पूर्ण भांडंच तीन थरांचं असतं, ज्याला ट्रायप्लाय म्हणतात. जुन्या बाजारात असं भांडं हातात घेतलं की वजनावरूनच कळतं. बुडाच्या कडेवरून नख फिरवून बघा, चकती सुटायला लागली असेल तर तिथे बारीक फट लागते. मग ते सोडून द्या. बाकी वरून कितीही काळं, पिवळं, तेलाचे राप चढलेलं असू दे, तो राप बेकिंग सोडा आणि गरम पाण्याने निघतो. स्टीलवर १८/१० असं कोरलेलं असेल तर त्याचा अर्थ १८ टक्के क्रोमियम आणि १० टक्के निकेल. असं स्टील सहसा गंजत नाही पण लोहचुंबकाला चिकटतही नाही, आणि परदेशात बऱ्याच घरांत आता गॅसऐवजी इंडक्शन असतं, त्यावर चुंबक न चिकटणारं भांडं तापतच नाही. म्हणून माझ्या पर्समधे कायम फ्रिजवर लावायचा एक छोटासा चुंबक असतो. बुडाला लावायचा, घट्ट चिकटला तर घ्यायचं. भांडं बघायला जाताना दुसरं काही नेलं नाही तरी चालेल पण चुंबक न्याच.

आता माझ्या बिडाच्या तव्याची गोष्ट. दुसऱ्या वर्षी एका जाहिरातीत "जुनी लोखंडी भांडी" एवढंच लिहिलेलं दिसलं, फोटो अंधारा, काही कळत नव्हतं. गेले बघायला. एक वयस्कर बाई होत्या, मोठं घर सोडून लहान घरात चालल्या होत्या. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना नाही. गॅरेजमधल्या एका खोक्यातून त्यांनी एक बिडाचा तवा काढला, वरून खालून नुसता तांबूस गंज. माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असणार. त्यांनी तो तवा बोटावर टांगला आणि मधल्या बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं. घंटेसारखा लांब नाद आला. मग माझा हात धरून तळाच्या कडेवरून माझं बोट फिरवलं, कुठे चीर नाही हे दाखवायला. टेबलावर ठेवून दोन्ही बाजूंनी दाबून दाखवला, जरासुद्धा डुगडुगला नाही. शेवटी हवेतच फडक्याने तेल लावून पुसायची अॅक्टिंग करून दाखवली, पुसायचं, परत पुसायचं, अजून पुसायचं. एक शब्द न बोलता त्या बाईंनी मला बिडाचं भांडं पारखायला आणि सांभाळायला शिकवलं, त्यानंतर मी जे काही वाचलं ते सगळं यातच बसतं. चीर गेलेला तवा बद्द वाजतो, वाकलेला डुगडुगतो, आणि जो सरळ आगीत टाकून जाळून साफ केलेला असतो त्यावर लालसर झाक येते, त्यावर तेलाचा थर नीट धरत नाही. हे तीन दोष सोडले तर गंज हा दोषच नाही. तो निघतो.

घरी आणून अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी करून त्यात बुडवला. रात्रभर ठेवायचा मोह होतो पण ठेवू नका, गंज संपला की व्हिनेगर लोखंडालाच खायला लागतं, दर अर्ध्या तासाने काढून तारेच्या घासणीने घासायचं. साधारण दोन तासांत खालचं राखाडी लोखंड दिसलं. लगेच धुवून मंद आचेवर पूर्ण कोरडा केला, कारण ओलं उघडं लोखंड डोळ्यादेखत परत तांबूस व्हायला लागतं. मग थेंबभर तेल सगळीकडे चोळलं आणि त्या बाईंनी दाखवलं तसं पुसून टाकलं, म्हणजे जणू तेल चुकून लागलंय आणि आता ते सगळं काढायचंय असं पुसायचं. थर जाड राहिला की चिकट डाग पडतात. ओव्हनमधे उपडा ठेवून २३० अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर ठेवला आणि आतच गार होऊ दिला. असं चार वेळा केलं. या उष्णतेला तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून कडक काळा थर तयार होतो, नॉनस्टिकचं काम तोच थर करतो, आणि निघाला तर घरच्या घरी परत चढवता येतो. आज नऊ वर्षं तो तवा रोज वापरात आहे. साबणाने धुवू नये असं बरेच जण सांगतात, पण ते जुन्या क्षाराच्या साबणाबद्दल खरं होतं, आताच्या साध्या लिक्विडने धुतला तर काही होत नाही. भिजत मात्र घालायचा नाही, आणि आंबट काही त्यात तासनतास शिजवत ठेवायचं नाही.

आता काय घ्यायचं नाही, यावर मला जास्त कळकळीने लिहायचंय.

ओरखडे पडलेलं जुनं नॉनस्टिक कोणी फुकट दिलं तरी नको म्हणा. ते कोटिंग पीटीएफई नावाच्या पदार्थाचं असतं, १९३८ साली रॉय प्लंकेट नावाच्या केमिस्टला दुसरंच काहीतरी शोधताना ते सापडलं. साधारण २६० अंशांच्या वर ते खराब व्हायला लागतं, आणि रिकामा पॅन मोठ्या आचेवर विसरलात तर तेवढं तापमान काही मिनिटांत येतं. तो पॅन आणखी तापला तर निघणाऱ्या धुराने घरातले पाळीव पक्षी मरतात हे माहीत असलेलं आहे. शिवाय हे कोटिंग बनवताना आधी पीएफओए नावाचं रसायन वापरायचे, अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ते २०१५ पर्यंत बंद केलं, २०१९ मधे घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीतही ते आलं. म्हणजे वीस वर्षं जुना नॉनस्टिक पॅन हा बिडाच्या तव्यासारखा "जुनं ते सोनं" होत नाही, त्याचं आयुष्य संपलेलं असतं. नॉनस्टिक हवंच असेल तर एक छोटं, नवं घ्या आणि मंद आचेवरच वापरा.

तांब्या पितळेची सुंदर भांडी जुन्या बाजारात खूप दिसतात आणि मोह होतोच. आत कल्हई आहे का बघा. कल्हई उडालेली असेल तर ते भांडं शोभेला ठेवा, त्यात आंबट शिजवलं की तांबं अन्नात उतरतं. परदेशात कल्हई करून देणारे कमी असतात आणि जे असतात ते भरपूर पैसे घेतात, म्हणून कल्हई शाबूत असलेलंच घ्यायचं. आणि ते रिकामं गॅसवर कधी ठेवू नका, कल्हई कथलाची असते आणि कथील २३२ अंशांनाच वितळतं.

एनॅमलच्या भांड्याला आतून टवका गेला असेल तर नको, तो काचेचाच थर असतो आणि त्याचे कण जेवणात येतात. बाहेरून कडेला उडालं असेल तर चालतं. जुनी चिनी मातीची भांडी, विशेषतः आतून लाल, केशरी, पिवळी झगझगीत असलेली, त्यांच्या लुकणात, म्हणजे वरच्या चकचकीत थरात, शिसं आणि कॅडमियम असायची शक्यता असते, त्यात आंबट किंवा गरम वाढू नका, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नाही. एवढंच काय, जुन्या बिडाच्या भांड्यातसुद्धा काही लोक पूर्वी मासेमारीच्या गळाला लावायची वजनं ओतायला शिसं वितळवायचे. कुठे करडे, मऊ, नखाने ओरखडा उठेल असे डाग दिसले तर घेऊ नका. शिसं ओळखायची टेस्ट किटं मिळतात पण शंका असेल तर सरळ सोडून द्यायचं, भांडी काय दुसरी मिळतात.

प्रेशर कुकरबद्दल वेगळं लिहिते कारण आपल्या माणसांना कुकरशिवाय चैन पडत नाही. जुना कुकर मी फक्त एका अटीवर घेते, त्या मॉडेलची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आजही नवे मिळत असतील तरच. आत १५ पीएसआय (दर चौरस इंचाला १५ पौंड) दाब असतो, पाणी १२१ अंशांपर्यंत जातं, आणि हे सगळं एका रबराच्या रिंगेच्या भरवशावर. जुनी रिंग कडक झालेली असते, तिला चिरा असतात. घरी आणला की पहिल्यांदा रिंग आणि व्हॉल्व्ह बदला, शिट्टीच्या भोकातून आरपार उजेड दिसतोय का बघा, आणि पहिला प्रयोग नुसत्या पाण्यावर करा. झाकण नीट बसत नसेल, कडा चेपलेली असेल तर कोणी कितीही सांगितलं तरी घेऊ नका.

विजेच्या वस्तूंनी मला सगळ्यात मोठा धडा दिला. पहिल्या देशात २३० व्होल्ट होते. दुसऱ्या देशात १२० व्होल्ट. पहिल्या देशात सेकंडहँड घेतलेली माझी केटली आणि मिक्सर मी मोठ्या प्रेमाने बरोबर नेले, प्लगचा अॅडॅप्टर घेतला आणि म्हटलं झालं काम. केटली वीस मिनिटं झाली तरी उकळेना. मला वाटलं बिघडली. प्रत्यक्षात बिघडलं काहीच नव्हतं, तापणाऱ्या वस्तूची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते, म्हणजे व्होल्टेज अर्धं झालं की ताकद पाव होते, १५०० वॅटची केटली १२० व्होल्टवर जेमतेम ४०० वॅटची होते. मिक्सरची मोटर नुसती गुरगुरायची. याच्या उलटा प्रकार आमच्या शेजारच्या मुलाच्या बाबतीत झाला, १२० व्होल्टची जुनी हॉटप्लेट त्याने २३० व्होल्टच्या देशात नेऊन लावली. ती जवळजवळ पावणेचारपट जोरात तापायला लागली, वायर वितळली, ओट्यावर जळल्याचा डाग पडला आणि घरमालकाने डिपॉझिटमधून पैसे कापले. नशीब तो समोर उभा होता. अॅडॅप्टर फक्त प्लगचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही, हे वाक्य तुमच्या यादीत ठळक टाइपात छापा अशी माझी विनंती आहे. वस्तूच्या खालच्या पट्टीवर १००–२४० लिहिलेलं असेल तर ती कुठेही चालते, मोबाईल लॅपटॉपचे चार्जर बहुतेक तसेच असतात. तापणारी आणि मोटरची वस्तू मात्र ज्या देशात राहणार तिथेच घ्या, जाताना तिथेच देऊन या. आणि जुनी घेताना विकणाऱ्याच्या घरीच प्लगला लावून दहा मिनिटं चालवून बघा, वायर कुठे चिकट किंवा चिरलेली आहे का हाताने चाचपून बघा. यात लाजायचं काही नाही, खरा विकणारा स्वतःहून लावून दाखवतो.

फर्निचरबद्दल थोडक्यात. गादी जुनी घेऊ नका, बाकी काहीही घ्या. ढेकूण काही महिने उपाशी राहू शकतो, त्यामुळे "सहा महिने गॅरेजमधे पडून होतं" याला काही अर्थ नाही. सोफा, लाकडी पलंग घेताना मोबाईलचा टॉर्च लावून शिवणी, स्क्रूची भोकं, खालचं कापड बघा, बारीक काळे ठिपके दिसले की परत फिरा. कपडे आणि पडदे ६० अंशांच्या पाण्यात धुतले की काम होतं. बाळाचा पाळणा आणि गाडीतली मुलांची सीट मात्र ओळखीच्या माणसाकडूनच, सीटला अपघात झालेला आहे की नाही हे बघून कळत नाही.

शोधायचं कसं, तर आधी तिथल्या भाषेत "बिडाचं", "जाड बुडाचं", "घर रिकामं करतोय" या शब्दांना काय म्हणतात ते शिका. इंग्लिशमधे शोधलं की बाहेरून आलेल्यांच्याच जाहिराती दिसतात आणि त्यांच्याकडे तेच पातळ सेट असतात. चांगलं भांडं वीस तीस वर्षं एका जागी राहिलेल्या घरात असतं. फेसबुक मार्केटप्लेस २०१६ ला आल्यापासून सगळे तिथेच जातात, पण फुकट वस्तू देणारे फ्रीसायकलसारखे गट २००३ पासून आहेत आणि तिथली माणसं जास्त निवांत असतात, विचारलं तर वस्तूची हिस्टरी सांगतात. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि कॉलेजची टर्म संपताना लोकांना सामान काढायची घाई असते, तेव्हा बघा. वस्तू डोळ्यांनी बघायच्या आधी एक पैसा पाठवायचा नाही, "मी गावाला आहे, अॅडव्हान्स टाका, कुरियर करतो" असं कोणी म्हणालं की तिथेच बोलणं बंद करायचं. आणि बघायला जाताना एकटं जाऊ नका, विशेषतः मुलींनी.

अजून एक सांगते, हे आई वडिलांसाठी आहे. मुलगा परदेशात जुनी भांडी वापरतो म्हटल्यावर काहींना वाईट वाटतं, त्याला काही कमी पडतंय असं वाटतं. माझ्या आईलाही वाटलं होतं, ती फोनवर रडली होती. नंतर ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा पहिल्याच दिवशी तो बिडाचा तवा हातात घेऊन वजन करून बघितलं आणि म्हणाली असा आता मिळत नाही गं. माझ्यासाठी आणलेला नवा पॅन तिने कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिला आणि महिनाभर तव्यावरच सगळं केलं.

पुढच्या महिन्यात आम्ही परत घर बदलतोय, या वेळेस दुसऱ्या खंडात. केटली, मिक्सर, हॉटप्लेट इथेच कॉलेजच्या मुलांना देतेय, प्रत्येकावर किती व्होल्टची आहे, किती जुनी आहे आणि काय बिघडलेलं आहे ते कागदावर लिहून चिकटवलंय. जड बुडाचं मोठं पातेलंही जाईल. तवा मात्र तेलाचा हात फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून हँडबॅगेत घेतलाय. चेकइन बॅगेत टाकला आणि बॅग आपटली तर बीड तडकतं म्हणून, आणि सिक्युरिटीत हँडबॅगेत घेऊन जाता येतो का ते विमान कंपनीला ईमेल करून विचारून ठेवलंय.

आपली,
परदेशात राहणारी एक नियमित वाचक